चावडीवर मुक्काम

चांगुणाच्या पत्र्याच्या ट्रंकेची एक कडी मालनबाईंनी धरली, दुसरी चांगुणाने, आणि दोघींनी मिळून ती ट्रंक चावडीच्या ओसरीवर चढवली. वळकटी, स्टोव्ह, भांड्यांचं पोतं आणि बालवाडीच्या खेळण्यांचं खोकं अजून खाली धुळीतच होतं. ओसरीवर पत्ते खेळत बसलेल्या म्हाताऱ्यांनी हातातली पानं तशीच धरून ठेवली.

"जरा सरकून बसा," मालनबाई त्यांना म्हणाल्या. "आम्हाला इथं राहायचंय."

एकाने विचारलं, किती वेळ. मालनबाईंनी वळकटी उचलून भिंतीला लावली आणि सांगितलं, खोली मिळेपर्यंत. म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं, पत्ते गोळा केले आणि समोरच्या लिंबाखाली जाऊन बसले. त्यांच्यातला एक जण मात्र काठी टेकत सरपंचांच्या घराकडे निघाला.

बहात्तर सालचा मार्च होता. बाभुळखेडं हे मिरजगावहून कच्च्या रस्त्याने आत गेल्यावर लागणारं गाव. गावाला पहिल्यांदाच ग्रामसेविका मिळाली होती आणि तिला सोडायला तालुक्याच्या पंचायत समितीतून मुख्यसेविका मालनबाई शेलार स्वतः आल्या होत्या. हाताखालच्या पोरींना नव्या गावात नेऊन खोली बघून द्यायची, दोन घरी ओळख करून द्यायची आणि दुपारच्या एस.टी.ने परत यायचं, हे त्यांचं नेहमीचं काम. एका दिवसाचं.

सकाळी सगळं नीट सुरू झालं होतं. सरपंच आप्पासाहेबांनी चहा पाजला आणि हौसेने स्वतःच खोल्या दाखवायला निघाले. पहिली खोली पसंत पडली, भाडंही ठरलं. मग घरमालकाने सहज विचारलं, बाई कुठल्या, आडनाव काय.

"सावेडीची. साळवे," चांगुणा म्हणाली. घरमालकाचा चेहरा तसाच कोरा राहिलेला पाहून तिने पुढे सांगितलं, "आम्ही बौद्ध."

तेव्हा त्या खोलीचं छप्पर गळतं असं निघालं. दुसऱ्या खोलीत पाहुणे येणार होते. तिसरीत मागच्या आठवड्यात साप निघाला होता. चौथी खोली आप्पासाहेबांच्या विधवा भावजयीची, बायडाबाईंची. स्वच्छ झाडलेली, रिकामी, रस्त्याकडे दार असलेली. बायडाबाई काही बोलायच्या आत आप्पासाहेबच म्हणाले, की इथं आता कडबा भरायचाय. बायडाबाईंनी दिराकडे एकदा पाहिलं आणि त्या आत निघून गेल्या.

तिथून ते बाहेर पडले. आप्पासाहेबांनी ओढ्याकडे हात केला. खालच्या आळीत जागा मिळेल म्हणाले, हवेशीर. खालची आळी म्हणजे ओढ्यापलीकडचा बौद्धवाडा. चांगुणाने मान खाली घातली नाही की वर केली नाही. ती नुसती उभी राहिली. तेव्हा मालनबाईंनी विचारलं, "चावडी गावाची आहे ना?" आणि उत्तराची वाट न बघता त्या चालू लागल्या.

संध्याकाळी आप्पासाहेब चावडीवर आले. पन्नाशीचा, धुतल्या कपड्यातला, आवाज न चढवणारा माणूस. त्यांनी ओसरीच्या कडेला बसून आधी मालनबाईंच्या माहेरची चौकशी केली.

"तुमी शेलारांच्या," ते म्हणाले. "तुमच्या वडलांच्या गाडीत बसून मी मिरजगावचा बाजार केलाय. तुमी चावडीवर झोपायचं, हे आमाला शोभत न्हाई. घरी चला."

"आणि ही?"

"तिची सोय खाली करतो. सारवून, चुना देऊन देतो खोली. आपल्या लोकांत राहील, तिला बी बरं."

"मुक्काम तिचा आहे, आप्पासाहेब. मी नुसती सोबतीला आहे."

 आप्पासाहेबांनी उठून चावडीच्या आतल्या खोलीला कुलूप लावलं, आत सरकारी दप्तर आहे म्हणाले आणि किल्ली खिशात टाकून गेले. दोघींना ओसरी तेवढी राहिली. वर कौलं होती, तीन बाजू उघड्या. मालनबाईंनी आपलं एक लुगडं काढलं, दोन खांबांना बांधलं आणि आडोसा केला. चांगुणाने स्टोव्ह पेटवून पिठलं टाकलं. समोरच्या लिंबाखालून, दारांतून, गल्लीच्या तोंडाशी उभं राहून गाव बघत होतं.

मालनबाई एकोणिसाव्या वर्षी विधवा झाल्या होत्या. भावांच्या घरी काही वर्षं भाकऱ्या थापल्यावर ग्रामसेविकांच्या पहिल्यावहिल्या प्रशिक्षणाला त्या एकट्या निघून गेल्या, आणि त्यानंतर जिल्हाभर फिरल्या. राजूरच्या बाजारात ठाकर बायांना टोपल्या घेऊन पार टोकाला, बैलबाजाराच्या शेणात बसावं लागे. त्यांनी दोन वर्षं खटपट करून त्यांना भाजीच्या रांगेत जागा मिळवून दिली होती. रांगेच्या शेवटी, पण रांगेत. एका गावी त्यांनी सगळ्या आळ्यांची मुलं एका सतरंजीवर बसवली. खाऊ वाटायची वेळ झाली, की काही मुलं उठून घरी जात. मालनबाई त्यांना जाऊ देत. भांडायचं नाही, देतील तेवढं घ्यायचं आणि उरलेलं मागायला परत यायचं, ही त्यांची रीत होती. आपल्या पोरींना त्या नेहमी म्हणत, "सुरुवात तर झाली." कुणाच्याही घरी जेवतात म्हणून भावाकडे आता त्यांचं ताट ओसरीवर वाढत. त्या ओसरीवर बसून पोटभर जेवत आणि पुढच्या सणाला पुन्हा जात.

चांगुणा वेगळी होती. वय बावीस, अंगाने किडकिडीत, बोलणं कमी. वडील रेल्वेत गँगमन. प्रशिक्षणात ती पहिली आली होती. मालनबाईंना तिच्यातली एक गोष्ट लगेच कळली होती. कुणी वाकडं बोललं, की ती रडत नाही, चिडत नाही, फक्त आपलं काम अधिक सावकाश करायला लागते.

दुसऱ्या दिवसापासून पाण्याचा प्रश्न आला. चावडीमागे गावाची विहीर होती. मालनबाईंना तिथं कुणी अडवलं नसतं. पण त्या चांगुणाबरोबर घागर घेऊन ओढा ओलांडून बौद्धवाड्याच्या विहिरीवर गेल्या. तळाशी गढूळ पाणी होतं. खरडून भरावं लागे. अंघोळीला पहाटे अंधारात उठून तिकडंच साळूबाईच्या न्हाणीत जायचं. साळूबाई म्हणजे वाड्यातली वयस्कर बाई, शेतांवर मजुरी करणाऱ्या बायांची पुढारी. तिने पहिल्याच दिवशी चांगुणाला जवळ घेऊन सांगितलं होतं, की घर लहान हाय पर तुला जड न्हाई, इथंच ऱ्हा.

"राहिले असते, आजी," चांगुणा म्हणाली होती. "पण मी इथं राहिले तर वरच्या बाया येणार नाहीत, आणि मी फक्त आपल्याच वाड्याची ग्रामसेविका होईन. सरकारने मला गावाची केलीय."

तिसऱ्या दिवशी तिने चावडीच्या ओसरीवरच बालवाडी सुरू केली. लाकडी ठोकळे मांडले, चिंचोके मांडले. आधी साळूबाईचे दोन नातू आले, मग ओढ्यापलीकडची आणखी काही पोरं. वरच्या आळीची मुलं पायरीपर्यंत येत, उभी राहत. त्यांना कुणी हाक मारली, की पळत. चांगुणा गाणं म्हणायची तेव्हा मात्र ती पायरीवरूनच हातवारे करत. कधी एखादी आई येई, पोराला दंडाला धरून घेऊन जाई. पण जाता जाता ओसरीवरचा स्टोव्ह, दोरीवरचे कपडे, भिंतीला टांगलेला आरसा, सगळं नीट बघून जाई.

चौथ्या की पाचव्या दिवशी आप्पासाहेब पुन्हा आले. या वेळी त्यांच्याकडे तोड होती. ती त्यांनी मालनबाईंना बाजूला घेऊन, लिंबाखाली उभं राहून सांगितली. गावातली एक चांगली खोली मालनबाईंच्या नावाने द्यायची. शेलारबाईंनी खोली घेतली, एवढंच गावाला कळेल. मग त्या खोलीत कोण राहतं, कोण झोपतं, हे बघायला कुणी येणार नाही. मालनबाई महिन्यातून एक-दोनदा येऊन गेल्या तरी पुरे. फक्त पोरीने आपलं आडनाव गावभर सांगत फिरू नये.

मालनबाईंनी लगेच नकार दिला नाही. इतके दिवस फरशीवर झोपून त्यांची कंबर धरली होती. आणि तोड त्यांच्या ओळखीची होती. अशा कितीतरी तोडी त्यांनी आजवर घेतल्या होत्या आणि त्यातल्या काही पुढे रुजल्याही होत्या. ओसरीवर येऊन त्यांनी चांगुणाला सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाल्या, "सुरुवात तर होईल."

चांगुणा ठोकळे खोक्यात भरत होती. एकेक ठोकळा पुसून, सावकाश.

"बाई," ती म्हणाली, "उद्या एखादीने मला हाक मारली, तर ती शेलारबाईंच्या खोलीतली पोरगी म्हणून मारेल. मग मी साळवे कधी सांगायचं?"

मालनबाई कंबर दाबत ट्रंकेवर टेकल्या.

"तुम्ही दमलात, तर तुम्ही जा," चांगुणा पुढे म्हणाली. त्यात राग नव्हता. "मी इथं बसते."

मालनबाई उठल्या, लिंबाखाली गेल्या आणि आप्पासाहेबांना नाही म्हणून आल्या. येताना त्यांनी वाटेतला एक सपाट दगड उचलून आणला आणि स्टोव्हला वारा लागू नये म्हणून आडवा लावला. त्या रात्री पिठलं लवकर झालं.

त्यानंतर गावाने फास आवळला. पंचायत समितीचा शिपाई सहादेव सायकलवरून आला. साहेबांनी तोंडी निरोप दिला होता. मालनबाईंनी ताबडतोब कार्यालयात हजर व्हावं, चावडी रिकामी करावी, गावकऱ्यांची तक्रार आमदारांपर्यंत गेली आहे. सहादेव भला माणूस होता. निरोप सांगून झाल्यावर त्याने आपल्या पिशवीतून बटाटे, शेंगदाणे आणि चहाची पुडी काढून ट्रंकेवर ठेवली.

"साहेब लई तापल्यात, बाई," तो म्हणाला. "नोटीस काढत्याल."

"साहेबांना सांग, मुख्यसेविका दौऱ्यावर आहे," मालनबाई म्हणाल्या. "गावात ग्रामसेविकेची राहायची सोय करणं हे माझं काम आहे. ते झालं की येते."

सहादेव हसला. सायकलवर टांग टाकण्याआधी त्याने चांगुणाला वाकून नमस्कार केला, एवढ्यासाठी की लिंबाखालच्या म्हाताऱ्यांना दिसावा.

दुसरी गोष्ट मात्र हसण्यासारखी नव्हती. ज्वारीची काढणी आली होती. पाऊस धड न झाल्याने पीक गुडघ्याएवढंच होतं, पण जे होतं ते काढायला दरवर्षी साळूबाईच्या बाया जात. आप्पासाहेबांनी शेतकऱ्यांना सांगितलं, की ती पोर चावडीवरून हलेपर्यंत खालच्या आळीतली एकही बाई रानात घ्यायची नाही. वाड्यातली वर्षाची ज्वारी याच कामावर मिळायची.

चांगुणाला हे पहाटे विहिरीवर कळलं. त्या दिवशी तिने बालवाडी घेतली, पण गाणं म्हटलं नाही. दुपारी ती ट्रंकेला टेकून बसली आणि कितीतरी वेळ पायाच्या नखाने फरशीवरची माती उकरत राहिली. मालनबाईंना कळत होतं. स्वतःसाठी ही पोर वर्षभर बसेल, पण दुसऱ्यांच्या चुली विझवून बसणार नाही.

दिवस कलताना साळूबाई आली. एकटीच. ओढ्याकडून चालत येऊन ती चावडीच्या पायऱ्यांशी थांबली. साठ वर्षांत ती कधी या पायऱ्या चढली नव्हती. सरकारी काम असलं की खाली धुळीत उभं राहून बोलायचं. तिने पायऱ्यांकडे पाहिलं, लुगड्याचा ओचा सावरला आणि वर येऊन चांगुणाशेजारी बसली. लिंबाखालचं बोलणं थांबलं.

"आजी, माझ्यामुळं तुमचं काम गेलं," चांगुणा म्हणाली. "मी उठते."

साळूबाईने कमरेची पिशवी काढली, पान लावलं आणि तोंडात टाकून मग बोलली.

"आता उठलीस, तर काम बी गेलं आन् तू बी गेलीस. मग आमाला काय ऱ्हायलं? बस तू."

एवढंच बोलून ती पान चघळत बसली. अंधार पडेपर्यंत बसली. उतरताना मात्र तिला मालनबाईंचा हात धरावा लागला. गुडघे धरले होते.

दोन दिवस असेच गेले. शेतकऱ्यांनी घरच्या बाया रानात नेल्या, पण ज्वारी उपटणं हे रोजच्या सवयीचं काम. दुपारपर्यंत त्यांच्या तळहातांना फोड आले. पाखरं कणसांवर बसत होती. गावात आप्पासाहेबांच्या माघारी कुरकुर सुरू झाली होती, पण समोर कुणी बोलत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी, गल्ली सामसूम असताना, बायडाबाई चावडीवर आल्या. चाळिशीच्या आसपासची बाई, उन्हाने रापलेली, हात रानातल्या कामाने खरखरीत झालेले. नवरा जाऊन दहा-बारा वर्षं झाली होती. दोन मुली होत्या, त्या नांदायला गेल्या होत्या. जमीन स्वतःच्या वाट्याची होती, पण बी कुठलं पेरायचं इथपासून मुली कुठं द्यायच्या इथपर्यंत सगळं दीर ठरवत होता.

त्या बसल्या नाहीत. खांबाला धरून उभं राहून त्यांनी चांगुणाला विचारलं, "खोली पायजे का अजून?"

चांगुणा उठून उभी राहिली. "पाहिजे."

"मग चल. कडबा-बिडबा काय भरायचा न्हाई मला."

मालनबाईंनी विचारलं, की आप्पासाहेबांना हे ठाऊक आहे का. बायडाबाईंचा खांबावरचा हात घट्ट झाला.

"माजी ज्वारी रानात उभी हाय. पाखरं खात्यात. बाया यायला तयार, तर ह्यो येऊ देईना. खोली माजी, रान माजं, आन् मला इचारतंय कोन?" त्या म्हणाल्या. "मला तुमचं ते समाजाचं काय कळत न्हाई, बाई. भाडं द्या आन् ऱ्हा."

मालनबाईंनी आयुष्यात किती भाषणं केली होती. किती गावांत त्यांनी सगळी माणसं सारखी आहेत हे बायकांना समजावून सांगितलं होतं. कुणी कधी उठून आलं नव्हतं. आणि ही बाई, जिला त्यांनी एक शब्दही सांगितला नव्हता, आपल्याच रागाने आपल्या पायांनी आली होती. मालनबाई आणखी काही न बोलता वळकटी गुंडाळायला लागल्या. दोरीवरचे कपडे ओढून त्यांनी घडी न घालताच पिशवीत कोंबले.

"पाणी?" चांगुणाने विचारलं.

बायडाबाईंच्या घरामागे त्यांचा स्वतःचा आड होता. त्यांनी नजर दुसरीकडे वळवली.

"आडाला हात लावू नको. तुजी घागर दारात ठेव, मी वरनं घालीन. रोज घालीन. कमी पडू द्यायची न्हाई."

मालनबाईंचे हात थांबले. आजवर दर वेळी अशाच जागी त्यांच्या तोंडी एक वाक्य आलं होतं. आताही ते ओठांपर्यंत आलं. खोली मिळत होती, साळवे या नावाने मिळत होती, मालकीण स्वतः चालून आली होती. आडाचं पुढं बघता आलं असतं. त्यांनी चांगुणाकडे पाहिलं. पोरीचा चेहरा या दिवसांत अर्धा झाला होता, डोळ्यांखाली काळं आलं होतं. ती बायडाबाईंकडे बघत होती. तिच्या बघण्यात आभार होते, ते लपत नव्हते.

"मग नको, मावशी," चांगुणा म्हणाली.

"अगं, मी सवता घालीन म्हनते ना."

"तुम्ही घालाल. मनापासून घालाल. पण मी रोज घागर मांडून दारात बसेन आणि रोज बालवाडीतली पोरं ते बघतील. त्यांना मी काय शिकवू?"

 बायडाबाईंनी मालनबाईंकडे पाहिलं. वयाने मोठी बाई पोरीला समजावेल, अशी त्यांना आशा असावी. मालनबाईंनी गुंडाळलेली वळकटी खाली ठेवली, तिची दोरी सोडली आणि ती पुन्हा फरशीवर अंथरली. सुरकुत्या हाताने साफ केल्या. मग त्या तिच्यावर बसल्या.

बायडाबाई आल्या तशा निघून गेल्या.

 संध्याकाळी भाकरी झाल्यावर चांगुणाने एवढंच विचारलं, "चुकलं का माझं, बाई?" मालनबाईंनी तिच्या ताटात आपली अर्धी भाकरी वाढली आणि म्हणाल्या, की कांदा घे.

सकाळी त्या दोघी ओढ्याकडे निघण्याआधीच बायडाबाई पायरीशी येऊन उभ्या होत्या. झोप न झालेली दिसत होती.  त्या सरळ सांगू लागल्या. काल त्या चावडीवर गेल्याचं कुणीतरी दिराच्या कानावर घातलं. तो दारात येऊन भांडला. म्हणाला, तू त्या पोरीला खोली देशील तर मी तुझ्या आडाला कुंपण घालीन, बघू कुठलं पाणी पितेस. आजवर तो जे म्हणाला ते त्यांनी ऐकलं होतं. जमिनीचं ऐकलं, मुलींचं ऐकलं.

"पर आड सासऱ्यानं आमच्या वाट्याला दिलाय," बायडाबाई म्हणाल्या. "माज्या मालकानं सवता खोल केलाय. मी वर उभी राहून पाट्या वढल्यात, थोरली पोटात हुती तवा." त्यांनी गल्लीकडे पाहिलं आणि मग चांगुणाकडे. "आड बी माजाच हाय. कुनी पानी वढायचं ते मी ठरवनार. चल."

मालनबाईंचं पुढं जे व्हायचं ते झालंच. कार्यालयात नोटीस त्यांची वाट बघत होती आणि पावसाळ्याच्या आत त्यांची बदली जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला झाली. तिथं रुजू होताना नव्या साहेबांनी त्यांना समजुतीने वागायचा सल्ला दिला. त्यांनी तो ऐकून घेतला आणि पहिल्याच आठवड्यात तिथल्या साहेबांनाही डोईजड झाल्या. बाभुळखेड्यात सगळं गोड झालं असंही नाही. बायडाबाईंच्या घरी त्या वर्षी भावकीतलं कुणी सणाला आलं नाही. पण साळूबाईच्या बाया त्याच दिवशी बायडाबाईंच्या रानात शिरल्या आणि आठवडा संपायच्या आत आणखी तीन शेतकऱ्यांनी त्यांना बोलावणं पाठवलं, कारण पाखरं आप्पासाहेबांचं ऐकत नव्हती.

हे सगळं नंतरचं. त्या सकाळी सामान खोलीत पडलं आणि चांगुणा आपली घागर घेऊन मागच्या अंगणात गेली. मालनबाई परसदाराच्या उंबऱ्यावर उभ्या राहिल्या. आड खोल होता, पाणी पार तळाला गेलेलं. शेजारच्या घरांच्या बायका काहीतरी निमित्ताने आपापल्या परसात आल्या होत्या. कुणी वाळवण हलवत होती, कुणी कोंबड्या हाकत होती. चांगुणाने रहाटावरून पोहरा सोडला. बराच वेळ तो खाली जात राहिला, मग पाण्यावर आपटल्याचा आवाज वर आला. ती घाईने ओढत नव्हती. सावकाश, हातावर हात टाकत तिने तो वर घेतला आणि घागर भरली.

ती बाजूला झाली तशा बायडाबाई पुढे आल्या. आपली घागर त्यांनी काठावर ठेवली. ओल्या दोराकडे त्यांनी पाहिलं. हात पुढे झाला, अर्ध्यावर थांबला. वाळवण हलवणारीचा हात थांबला. बायडाबाईंनी दोन्ही तळवे लुगड्याला पुसले, दोर धरला आणि पोहरा खाली सोडला.

तेवढ्यात गल्लीतून आप्पासाहेब आले आणि परसाच्या कुंपणाच्या तोंडाशी उभे राहिले. परसांतल्या बायकांनी झटकन पदर पुढे ओढले. बायडाबाईंचा पदर दोर ओढता ओढता डोक्यावरून घसरला होता. पंचवीस वर्षांत त्या दिरासमोर उघड्या डोक्याने उभ्या राहिल्या नव्हत्या. पण दोन्ही हात दोराला होते आणि भरला पोहरा अधांतरी होता. त्या ओढत राहिल्या. पोहरा वर आला, काठावर टेकला. आता हात मोकळे झाले होते.

बायडाबाईंनी पाणी घागरीत ओतलं. घागर अजून भरली नव्हती. पदर तसाच खांद्यावर ठेवून त्यांनी पोहरा पुन्हा आडात सोडला.